आगोटीची तयारी: कोकणातल्या घरासाठी आणि वाडीसाठी मे महिन्याच्या उत्तरार्धाचं वेळापत्रक

मे महिन्याचा शेवट म्हणजे कोकणात सुट्टीचा शेवट आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, सुरुवात. चाकरमानी अजून गावात असतात, पोरं झाडांवर असतात, अंगणात वाळवणं असतात आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. घरात भरपूर माणसं असतात ते हेच दिवस, आणि सगळ्यांत जास्त कामंही ह्याच दिवसांत येतात. आमसुलं, आंबापोळी, फणस, सुकी मासळी, झापं (झावळ्यांचे विणलेले आडोसे), कौलं, विहीर, वाडीचं जेवण, काजवे हे सगळं दोन-तीन आठवड्यांत बसवायचं तर क्रम नीट लावावा लागतो. कामं चुकतात ती बहुतेक हात कमी पडल्यामुळे चुकत नाहीत, क्रम चुकल्यामुळे चुकतात.

आधी तारखा

जुना हिशोब नक्षत्रांचा. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागतात, 7-8 जूनला मृग, म्हणजे आपला मिरग. रोहिणीत वळवाच्या सरी येतील, मिरगात पाऊस धरेल, असं धरून वाळवणं रोहिणी लागेपर्यंत आणि घराची डागडुजी मिरगापर्यंत संपवायची, अशी रीत होती. हवामान खात्याच्या हिशोबानेही मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 1 जूनला केरळात आणि 11 जूनला मुंबईत पोचतो. पण 2025 साली तो 25 मे रोजी देवगडपर्यंत आला आणि 26 मे रोजी मुंबईत. त्या वर्षी रोहिणीच्या भरवशावर ज्यांनी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर ठेवले त्यांचे रातांबे झाडाखालीच कुजले.

म्हणून आता 20 मे ही उन्हाच्या कामांची शेवटची तारीख धरावी आणि तिथून उलट मोजावं. आमसुलांना आठ ते दहा दिवस लागतात, म्हणजे ती 10 मेच्या आत सुरू झाली पाहिजेत. आंबापोळीला पाच-सहा दिवस, म्हणजे 13-14 मेपर्यंत पहिला थर पडायला हवा. सुक्या मासळीला ऊन दोन दिवसांचं पुरतं, ती 17-18 तारखेला करता येते. ऊन नसलं तरी चालणारी कामं, म्हणजे झापं विणणं, लाकूडफाटा रचणं, आठळ्या (फणसाच्या बिया) मातीत घालणं, 20 नंतर ठेवावीत. कौलांचं आणि विहिरीचं काम मधल्या कोरड्या दिवसांत बसवायचं. वाडीचं जेवण चाकरमान्यांची परतीची गाडी बघून ठरतं. ते शक्यतो 22-25 मेच्या दरम्यान घ्यावं, नाहीतर जेवायला माणसं उरत नाहीत.

दिवसाची वाटणीही उन्हावरच करायची. सकाळी सहा ते नऊ झाडावरची, छपरावरची आणि विहिरीवरची कामं. नऊ ते चार वाळवणाकडे फक्त लक्ष. दुपारी सावलीत बसून सोलणं, चाळणं, विणणं. चारला वाळवणं आत. साडेचार वाजले तरी वाळवण अंगणात आणि माणसं चहाला, ही ह्या मोसमातली ठरलेली चूक. वळीव चारनंतरच येतो.

रातांबे

सगळ्यांत आधी ह्याला हात घालायचा, कारण वेळ ह्यालाच जास्त लागतो. फळं पूर्ण लाल, जवळजवळ काळपट झालेली घ्यावीत. अर्धकच्च्या फळाचं आमसूल फिकं होतं आणि आंबटपणाही कमी राहतो. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी धरून फळं हलक्या हाताने पाडली तर फुटत नाहीत. फुटलेली आणि डागी फळं वेगळी काढून त्यांचं सरबत करावं, आमसुलात घालू नयेत. नवीन कलमं लावणाऱ्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात बघावी. तिची बहुतेक फळं पावसाआधी हाती येतात, आणि रातांब्यात तेच महत्त्वाचं.

दहा किलो फळांचा हिशोब असा. फळं धुऊन, पुसून, आडवी कापून दोन वाट्या करायच्या. बिया आणि गर एका टबात काढायचा, साली दुसरीकडे. साली साधारण पाच किलो भरतात, तितकाच गर आणि बिया. गरावर अर्धा किलो जाडं मीठ घालून हाताने चोळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी जो लालभडक रस सुटतो तो गाळून घ्यायचा. साली पहिल्या दिवशी नुसत्याच कडक उन्हात वाळवायच्या. संध्याकाळी त्या रसात बुडवून ठेवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. ह्याला पुट देणं म्हणतात. चार पुटं किमान, सहा दिली तर आमसूल मऊ, काळंभोर आणि जाड होतं. शेवटचं पुट दिल्यावर दोन दिवस पूर्ण वाळवून मगच भरायचं.

दहा किलो फळांतून आमसूल किलो-दीड किलोच्या आसपासच हाती लागतं, त्यामुळे पोतंभर रातांबे बघून घरातली सगळ्यांत मोठी बरणी धुवायला घेऊ नये.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, भांडं. अॅल्युमिनियम, लोखंड, पितळ ह्यांतलं काहीही चालत नाही. रातांब्याचं आम्ल धातू खातं आणि रसाला कडवट चव येते. स्टील, काच, चिनीमाती किंवा खाण्याच्या पदार्थांसाठीचं प्लास्टिक घ्यावं. दोन, मीठ कमी. बाहेरून आणलेलं बिनमिठाचं आमसूल पाहून घरी मीठ निम्मं केलं की ढगाळ दिवशी रसावर पांढरी साय धरते. साय दिसली तर ती काढून रस उकळून, गार करून वापरता येतो. वास आंबूस-कुजका असेल तर टाकून द्यावा. तीन, पुटांमध्ये घाई. साल आतून ओली असताना पुढचं पुट दिलं की ती गिळगिळीत होते आणि कितीही वाळवली तरी बरणीत घाम येतो. साल दुमडल्यावर चिवट वाटली पाहिजे, बोटाला रस लागता कामा नये.

आगळ करायचं असेल तर बिया-गरासकट वाट्या बरणीत घालून किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडं मीठ थरांमध्ये पेरायचं आणि आठवडाभर उन्हात ठेवून रोज हलवायचं. सुटलेला रस गाळून बाटलीत भरायचा. आगळ खारट असतं हे नवख्या सुनेला आणि नवख्या जावयाला आधीच सांगावं, नाहीतर सोलकढीत पुन्हा मीठ पडतं. सरबताचा अर्क वेगळा: एक किलो सालींना दोन किलो साखर, काचेच्या बरणीत आलटून पालटून थर, वरचा थर साखरेचाच. पाच-सात दिवस ऊन. साखर तळाशी बसते आणि वरच्या साली कोरड्या राहून फसफसतात, म्हणून रोज लाकडी पळीने तळापासून ढवळायचं. जिरेपूड आणि मीठ गाळल्यानंतर घालायचं.

बिया फेकू नयेत. धुऊन खडखडीत वाळवल्या की फोडून आतल्या मगजाचं कोकमतेल निघतं. मगज कुटून पाण्यात उकळला की तेल वर येतं, ते गार झाल्यावर पांढरं घट्ट होतं, मग त्याचे मुठीत गोळे वळायचे. पावसात भातलावणी करणाऱ्यांच्या टाचांच्या भेगांना ह्यासारखं औषध नाही. हे काम बिया वाळवून ठेवल्या तर पावसातही करता येतं, त्यामुळे मेमध्ये ह्यात वेळ घालवू नये.

आणि हो, रातांब्याचा डाग कोब्यावरून जात नाही. प्लास्टिक अंथरूनच बसावं.

आंबापोळी

हापूसची पोळी दिसायला देखणी, पण खरी चव रायवळाची, म्हणजे गावठी आंब्याची. हापूस महाग असतो, आणि मेच्या मध्यानंतर त्यात साका निघण्याची शक्यताही वाढते. साक्याचा पांढरा, स्पंजासारखा भाग रसात गेला तर पोळीत गाठी येतात. रायवळ घ्यावा, दोन-तीन झाडांचा मिसळून. रायवळात धागा असतो, म्हणून रस चाळणीवर हाताने घासूनच काढायचा. मिक्सरमध्ये फिरवला की रसात हवा भरते, वाळताना बुडबुडे फुटून पोळीला जाळी पडते.

रस गोड असेल तर साखर नको. आंबट असेल तर किलोला 100 ते 150 ग्रॅम, त्यापुढे नाही. जास्त साखर घातलेली पोळी वाळतच नाही, चिकट राहते आणि पावसाळी हवेत पाझरते.

ताटाला खोबरेल तेलाचा किंवा तुपाचा बोट फिरेल इतकाच हात. पुसून घेतल्यासारखा. तेल जास्त झालं की दोन महिन्यांत पोळीला खवट वास येतो. बारा इंची ताटात पहिला थर पाव लिटर रसाचा, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचा. ताट हलवून रस सपाट करायचा, चमच्याने ओढू नये. एक दिवस कडक उन्हात थर सुकतो, बोट लावल्यावर चिकटत नाही. मग दुसऱ्या दिवशी वर तितकाच थर. असे तीन किंवा चार. शेवटचा थर वाळला की कडा आपोआप सुटायला लागते. तेव्हा पोळी उलटून पाठीला एक दिवस ऊन द्यायचं. हे उलटणं बरेचजण गाळतात, आणि बुरशी नेमकी पाठीवरूनच सुरू होते.

पहिलाच थर जाड ओतणं ही दुसरी चूक. वरून साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, आत रस ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. तसं झालं तर पोळी ताटातून काढून, कढईत घालून आटवून आंबेवडीच्या वाटेला लावावी. वाळवत बसू नये.

आभाळ भरलेलं असेल तर रस आधी आटवून घ्यावा. जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात, मंद आचेवर, सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं. रस दोन-तृतीयांशावर आला की गार करून ओतायचा. रंग थोडा गडद होतो, ताज्या रसाचा वास उणावतो, पण दोन दिवसांत पोळी हाती येते. शुद्ध उन्हाची पोळी हवी हा हट्ट ज्यांच्या घरावर मे महिन्यात ढग येत नाहीत त्यांनी करावा.

ताटं खाटेवर ठेवायची आणि खाटेच्या चार पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या. मुंग्या तिथेच थांबतात. वर मलमलचा पातळ कपडा, पण तो रसाला टेकता कामा नये. खाटेच्या चार कोपऱ्यांना काठ्या बांधून मच्छरदाणीसारखा ताणावा. ह्या पहाऱ्यावर पोरांना बसवायला हरकत नाही, फक्त शेवटच्या थराच्या दिवशी बसवू नये.

पोळी गुंडाळताना मध्ये बटर पेपर घालायचा, नाहीतर गुंडाळी एकजीव होते. पत्र्याच्या डब्यात महिना-दीड महिना ठीक, त्यापुढे फ्रिज.

फणस थोडक्यात

बरक्याची (मऊ गराच्या फणसाची) पोळी, काप्याचे (कडक गराच्या फणसाचे) तळलेले गरे. बरक्याचा गर रोवळीवर घासून काढला की पुढची रीत आंबापोळीचीच, फक्त रस आटवणं इथे ऐच्छिक नाही. बरक्याचा रस कच्चा वाळवला तर घसा धरतो. गऱ्यांसाठी काप्या फणस पिकायच्या आधी, पण गर पिवळट झाल्यावर उतरवायचा. कोयत्याला आणि हाताला आधी खोबरेल. चीक हाताला लागलाच तर पाणी लावू नये, तेलाने पुसून मग साबण. गरे लांब पातळ कापून मध्यम आचेवर तळायचे. खुळखुळ आवाज यायला लागला की कढईत चमचाभर मिठाचं पाणी सोडायचं. तेल जोरात तडतडतं, त्या वेळी मुलं कढईजवळ नकोत. ते तडतडणं थांबलं की गरे काढायचे. मीठ वरून भुरभुरवलं तर ते गऱ्याला धरत नाही, खाली तळाला जातं.

आठळ्यांचा पांढरा पापुद्रा काढून, धुऊन, सावलीत दोन दिवस सुकवायच्या. मग लाल मातीच्या दाट काल्यात घोळून पुन्हा वाळवायच्या आणि टोपलीत भरून कोरड्या जागी ठेवायच्या. पावसाळाभर भाजीला पुरतात. माती ओलसर राहिली तर आठळ्यांना मोड येतात. मुलांना देण्यासारखं ह्याहून चांगलं काम नाही, कारण ह्यात बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं.

सुकी मासळी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांची बेगमी मेमध्येच होते. गोव्यात ह्याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या दिवसांत ह्याच मालाची फेरी, म्हणजे जत्रेतला बाजार, भरते आणि सुकी मासळी, सोलां (आमसुलं), चिंच, मिरच्या ह्यांची खरेदी तिथे होते. ते फेस्त ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाशी जोडलेलं असल्याने तारीख दरवर्षी बदलते. सिंधुदुर्गातून जायचं असेल तर त्या वर्षीची तारीख पाहून निघावं आणि सकाळीच पोचावं. अकरानंतर ऊनही चढतं आणि चांगला मालही उचललेला असतो.

बोंबील मोडून बघावेत. कट्कन मोडला तर सुका, वाकला तर ओला. सुकट मुठीत घेऊन सोडल्यावर सुटी पडली पाहिजे. रंग गुलाबीसर ठीक, पिवळा पडलेली जुनी. घरी आणल्यावर सुकट आधी चाळून वाळू काढायची, मग दोन दिवस कडक ऊन, आणि गरम असताना न भरता सावलीत पूर्ण गार करून डब्यात. गरम मासळी झाकली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि आठवड्यात किडे होतात. मोठा एक डबा करण्यापेक्षा पंधरा-पंधरा दिवसांचे छोटे डबे करावेत. पावसात डबा उघडला की प्रत्येक वेळी ओल आत जाते.

मासळीची खाट आणि आंबापोळीची खाट एका अंगणात असेल तर मासळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

छप्पर आणि झापं

कौलारू घराची पाहणी वर चढून करायची नसते. भर दुपारी बारा-एकला दारंखिडक्या लावून घरात अंधार करायचा आणि खालून वर बघायचं. जिथून उजेडाची टिकली दिसेल तिथून पाणी येणार. त्या जागेच्या खाली जमिनीवर किंवा वाशावर खडूने खूण करायची. मग सकाळच्या थंड वेळी, कौलांवरचं शेवाळ कोरडं असताना, माहीतगार माणसाने वर जावं. पाय कौलाच्या मध्यावर कधी पडू नये. जिथे दोन कौलं एकावर एक येतात आणि खाली रीप (लाकडी पट्टी) असते तिथेच, आणि शक्यतो शिडी आडवी टाकून तिच्यावरून. फुटकं कौल बदलताना वरच्या ओळीचं कौल हलकेच उचलून नवीन त्याखाली सरकवायचं, खालचा खाचा बसला की दाबायचं. दहा-पंधरा जुनी, त्याच मापाची कौलं घरात शिल्लक ठेवावीत. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि नवीन आणलेलं कौल न बसल्यामुळे गळणारी घरं फुटक्या कौलांच्या घरांइतकीच सापडतील. पन्हळीतला पाला त्याच दिवशी काढून टाकावा. माडाच्या झावळ्या विजेच्या तारांवर आलेल्या असतील तर स्वतः कोयता घेऊ नये. वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज देऊन पुरवठा बंद करून घ्यावा.

पडवीला पावसाची झड लागते ती नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, म्हणून झापं तिथेच आधी. झावळ दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायची, मग मधल्या दांड्यावर कोयता चालवून उभी चिरायची. प्रत्येक अर्ध्या झावळीची पाती एकाआड एक वर-खाली विणत जायची आणि शेवटी टोकं दुमडून गाठ. न भिजवलेली पाती विणताना चिरतात. पाच मीटर लांबीच्या पडवीला दोन थरांत, निम्मं निम्मं एकमेकांवर चढवून, वीस-बावीस झापं लागतात. ताडपत्री लावणार असाल तर ती भिंतीला चिकटवू नका. बांबूवर ताणून खाली वीतभर फट ठेवा, नाहीतर भिंत महिनाभरात घाम सोडते. झापं विणायला आज्या जेवढ्या हव्यात तेवढ्या बोलवाव्यात. ही कला शिकण्यासारखी आहे आणि ती शिकवणारे हात कमी होत चाललेत.

विहीर

हे एका घराचं काम नाही, वाडीचं आहे. पाणी सगळ्यांत खाली असतं ते ह्याच दिवसांत, म्हणून गाळ काढायचा तोही आताच. इथे शहाणपणापेक्षा शिस्त महत्त्वाची.

पेट्रोल किंवा डिझेलचा पंप विहिरीच्या आत उतरवून चालवायचा नाही, कठड्याच्या आतल्या पायरीवरही नाही. त्याचा धूर वास न येणारा विषारी वायू सोडतो, तो विहिरीत साचतो, आणि खाली गेलेला माणूस हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा अपघातांत दोन-तीन माणसं एकदम जातात ती ह्याच कारणाने. पंप विजेचा वापरावा, आणि माणूस पाण्यात असताना तोही बंद. बऱ्याच दिवसांत उपसा नसलेल्या विहिरीत आधी झाडाची मोठी पानेरी फांदी दोरीला बांधून अर्धा तास वर-खाली हलवावी म्हणजे कोंडलेली हवा ढवळते. दिवा सोडून बघायची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा जळत असतानाही हवेत विष असू शकतं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोर धरायला वर दोन माणसं, आणि दर मिनिटाला बोलणं चालू. बोलण्याला उत्तर आलं नाही तर खाली उतरायचं नाही, दोर ओढायचा.

गाळ काढल्यावर पाणी भरू द्यायचं आणि मग ब्लीचिंग पावडर. विहिरीतलं पाणी किती ते काढायचं सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785. उत्तर लिटरमध्ये येतं. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर 14,130 लिटर. ताज्या, चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे साधारण 35 ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ते विहिरीत सोडायचं. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. दोरीला बांधलेली बादली पाण्यात वर-खाली करून मिसळायचं आणि तासभर कोणी पाणी भरायचं नाही. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेली पावडर निकामी झालेली असते, ती दुप्पट टाकून भागत नाही. ग्रामपंचायतीकडून ताजी मागून घ्यावी.

वाडीचं जेवण

विहिरीच्या दिवशीच संध्याकाळी जेवण ठेवलं तर माणसं आपोआप जमतात. साठ माणसांचा हिशोब: तांदूळ साडेसात किलो, काळे वाटाणे चार किलो, नारळ चोवीस, रायवळ आंबे सत्तर, गूळ दीड किलो, कांदे पाच किलो, पत्रावळी किंवा केळीची पानं सत्तर, पिण्याचं पाणी साठ लिटर. नारळांपैकी बारा सोलकढीला, आठ उसळीच्या वाटणाला, चार आंब्याच्या रायत्याला.

काळे वाटाणे आदल्या रात्री, दहा-बारा तास. कमी भिजले तर चुलीवर तीन तासांनीही दाताखाली टिचतात, आणि मीठ आधी पडलं तर आणखीच. उसळ शिजून मऊ झाल्यावर मीठ, आणि आमसूल सगळ्यांत शेवटी. रायत्यासाठी आंबे साल काढून अख्खेच ठेवायचे, बाठे फेकायचे नाहीत. मोहरी शंभर ग्रॅम, खोबऱ्याबरोबर वाटताना पाणी गार घ्यावं, गरम पाण्याने मोहरी कडू होते.

सोलकढीला बारा नारळांचं पहिलं आणि दुसरं दूध मिळून आठ-नऊ लिटर निघतं. नवीन आगळ आधी अर्धा लिटर घालून चाखायचं, मग वाढवायचं. दूध आणि आगळ एकत्र करून दोन तास उन्हाळ्यात ठेवलं की फुटतं, वर पाणी आणि खाली चोथा. म्हणून दूध वेगळं, थंड जागी ठेवायचं आणि पंगत बसायच्या अर्धा तास आधी मिसळायचं. लसूण-मिरचीचं वाटण दुधात, आगळात नाही.

जागा अंगणातच धरावी, पण पानं आणि चुली देवळाच्या सभामंडपात अर्ध्या तासात हलवता येतील अशी सोय आधीच ठरवून ठेवावी. कोणी काय उचलायचं हेही. वळीव आल्यावर ठरवायला बसलं की भात भिजतो. ज्या वाडीत क्रिकेटचे अंडरआर्म सामने ठरलेत तिथे शेवटचा सामना सहाच्या आत संपवावा, नाहीतर वाढपी मैदानावरच सापडतात.

जेवणानंतर काजवे

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा काजव्यांचा मोसम. एक-दोन वळीव होऊन गेलेले, हवा दमट, वारा पडलेला, चंद्र नसलेला: अशी संध्याकाळ निवडावी, म्हणजे अमावास्येच्या आगेमागे. साडेसातपासून दहापर्यंत ते सगळ्यांत जास्त लुकलुकतात. भंडारदरा, घाटघर, रतनवाडीकडे त्यासाठी गर्दी लोटते, पण कोकणातल्या बहुतेक वाड्यांना तितकं लांब जायची गरज नाही. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी, जिथे ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी जुनी झाडं आहेत आणि रस्त्याचा दिवा नाही, तिथे अर्धं झाड एकदम पेटल्यासारखं दिसतं.

गाडी रस्त्यावरच ठेवून हेडलाइट बंद करावेत आणि शेवटचा टप्पा चालत जावा. विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावून रबर बांधावा आणि ती पायाखालीच धरावी. ह्या दिवसांत फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात असतो, म्हणून पायात बूट हवेत, चपला नकोत. झाडापासून आठ-दहा मीटर अलीकडे थांबायचं, कारण माद्या बऱ्याचदा खालच्या गवतात असतात आणि तुडवल्या जातात. फ्लॅश नाही, मोबाइलचा पडदा नाही. पांढरा उजेड पडला की नराला मादीची लुकलुक दिसत नाही आणि झाडावरचे दिवे मंदावतात. तिथे पोचल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. मुलं पहिल्या पाच मिनिटांत ‘काहीच नाहीये’ म्हणून परत फिरायला लागतात; त्यांच्यासाठी खिशात आंबापोळीचे चार तुकडे ठेवावेत.